नवा मॅनेजर आला म्हणून संघ वाचतो का? रेलिगेशनच्या लढाईचं गणित

प्रश्न असा आहे: प्रीमियर लीगचा निम्मा मोसम संपलाय, आपला संघ वीसपैकी शेवटच्या तिघांत अडकलाय (मोसमाअखेर हे तिघं खालच्या लीगमध्ये जातात, तेच रेलिगेशन), जुन्या मॅनेजरला काढून नवा आणलाय. चाहत्यांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, नव्या माणसाने पहिलाच सामना जिंकून दिला, आता वाचलो. दुसरा म्हणतो, वाचायला लागणारे चाळीस गुण कुठून आणणार, आपण गेलोच. खरं कुणाचं?

माझ्या मते दोघंही भलत्याच आकड्याकडे बघतायत. पहिला निकाल फार काही सांगत नाही आणि चाळीस गुण लागत नाहीत. बघायचं ते हे: हातात सामने किती उरलेत, त्यातले कोणते सामने हरून चालणार नाही, आणि संघाचं दुखणं सरावाने बरं होणारं आहे की नाही. हे समजून घ्यायला २०२२-२३ च्या मोसमाइतका चांगला धडा दुसरा नाही. त्या वर्षी तळाच्या जवळपास प्रत्येक क्लबने मॅनेजर बदलला, कुणी ऑगस्टमध्ये, कुणी मे महिन्यात, आणि प्रत्येकाचा शेवट वेगळा झाला.

आधी चाळीस गुणांचा विषय संपवू. २००२-०३ मध्ये वेस्ट हॅम ४२ गुण मिळवूनही खाली गेला, तेव्हापासून ही भीती लोकांच्या मनात बसली. पण २०१५-१६ ते २०२४-२५ या दहा मोसमांत अठराव्या क्रमांकाच्या, म्हणजे थोडक्यात बुडालेल्या संघाचे गुण बघा: ३७, ३४, ३३, ३४, ३४, २८, ३५, ३४, २६, २५. सरासरी ३२. दहापैकी नऊ मोसमांत ३६ गुण पुरेसे ठरले असते आणि ३८ गुणांवर तर एकदाही कुणी खाली गेलं नाही. म्हणून लक्ष्य ३६ धरा. तळाचे दोन-तीन संघ अगदीच गळपटलेले असतील तर ३२-३३ वरही भागतं, पण दुसऱ्यांच्या दुबळेपणावर हिशेब मांडू नये.

आता साधा भागाकार करा. ३६ मधून सध्याचे गुण वजा करायचे, उरलेल्या सामन्यांनी भागायचं. येणारा आकडा १.२ च्या आत असेल तर काम कठीण पण शक्य आहे. तो वेग ३८ सामन्यांच्या पूर्ण मोसमात ४५ गुणांचा, म्हणजे मधल्या फळीतल्या संघाचा. १.५ च्या वर गेला तर तुम्ही तळाच्या संघाकडून वरच्या सात-आठ संघांसारखा खेळ मागताय. असं घडतं, पण क्वचित. दर पाच सामन्यांनी हा भागाकार पुन्हा करा, रोज गुणतक्ता बघण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

एव्हर्टनचं उदाहरण घेऊ. जानेवारी २०२३ मध्ये फ्रँक लॅम्पार्डला काढलं तेव्हा २० सामन्यांत १५ गुण होते, क्रमांक एकोणिसावा. ३० जानेवारीला शॉन डाइश आला. हवे होते १८ सामन्यांत २१ गुण, म्हणजे सामन्यामागे १.१७. संघाने बरोबर २१ गुण मिळवले आणि ३६ वर सुटला. वर खरेदी शून्य: त्या महिन्यात अँथनी गॉर्डन न्यूकॅसलला विकला गेला आणि एकही खेळाडू आला नाही. म्हणजे जे काही झालं ते त्याच खेळाडूंवर, सरावाच्या मैदानावर झालं. म्हणूनच हे उदाहरण इतकं उपयोगाचं आहे.

डाइशने बचाव घट्ट केला म्हणून एव्हर्टन वाचला, असं सर्रास म्हटलं जातं. आकडे तसं म्हणत नाहीत. लॅम्पार्डच्या २० सामन्यांत २८ गोल खाल्ले होते, डाइशच्या १८ सामन्यांत २९. सामन्यामागे उलट वाढले. पण ते २९ गोल कुठे खाल्ले ते बघा. डाइशच्या हाताखाली संघ सात सामने हरला: लिव्हरपूल, ॲस्टन व्हिला, आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड, फुलम, न्यूकॅसल, मँचेस्टर सिटी. फुलम सोडला तर सगळे मोसमाअखेर पहिल्या सातांत होते, आणि फुलमही दहावा. या सात पराभवांत २० गोल गेले. उरलेल्या अकरा सामन्यांत फक्त ९.

याच सामन्यांची दुसरी वाटणी केली तर चित्र आणखी स्वच्छ होतं. मोसमाअखेर तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात राहिलेल्या संघांशी डाइशचे सात सामने झाले: लीड्स, फॉरेस्ट, चेल्सी, क्रिस्टल पॅलेस, लेस्टर, वुल्व्ज, बोर्नमथ. दोन जिंकले, पाच बरोबरीत, पराभव एकही नाही. अकरा गुण. या लढाईची गुरुकिल्ली हीच आहे. शेजाऱ्याकडून हरलात की तुमचे गुण बुडतात आणि त्याचे तीन वाढतात. बरोबरीत सोडवलात तर निदान तो पुढे जात नाही. चाहत्यांना बरोबरी रडकी वाटते, पण थेट प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर ती सोन्यासारखी असते.

जिंकलेल्या पाचपैकी चार सामने १-० ने गेले: आर्सेनल, लीड्स, ब्रेंटफर्ड आणि शेवटच्या दिवशी बोर्नमथ. पाचवा विजय ब्रायटनच्या मैदानावर ५-१, तो कुणाच्याच हिशेबात नव्हता. असा एखादा सामना मोसमात येतो, पण तो धरून चालता येत नाही. १-० मात्र शिकवता येतं.

आता लेस्टरकडे बघा. त्या मोसमात लेस्टरने ५१ गोल केले आणि खाली गेला. एव्हर्टनने ३४ केले आणि वाचला. वुल्व्जने तर अख्ख्या लीगमध्ये सर्वांत कमी, ३१ गोल केले आणि ४१ गुणांवर तेरावा आला. म्हणजे 'आपल्याकडे चांगले फॉरवर्ड आहेत, आपण कसे जाऊ' या युक्तिवादात दम नाही. लेस्टरकडे मॅडिसन आणि बार्न्स होते, पण ६८ गोल खाल्ले, आणि दोन गोल करूनही न जिंकण्याची सवय लागली होती.

लेस्टरची खरी चूक मात्र वेळेची होती. ब्रेंडन रॉजर्स २ एप्रिलला गेले. डीन स्मिथ १० एप्रिलला आले. मधल्या आठ दिवसांत कायमचा मॅनेजर नसताना घरच्या मैदानावर दोन सामने झाले, ॲस्टन व्हिला आणि बोर्नमथशी, आणि दोन्ही एका गोलाने गेले. स्मिथला उरलेल्या आठ सामन्यांत नऊ गुण मिळाले, म्हणजे सामन्यामागे १.१२. डाइशचा वेग १.१७ होता. फरक नगण्य. दोघांचं काम जवळजवळ सारखं झालं, पण एकाला अठरा सामने मिळाले, दुसऱ्याला आठ. लेस्टर ३४ वर बुडाला. व्यवस्थापनाने बदल करायचाच असेल तर पंधरा-सोळा सामने हातात असताना करावा, आणि जुन्याला काढायच्या आधी नवा ठरवून ठेवावा, हे माझं ठाम मत आहे.

लीड्सने तर तीनदा माणसं बदलली. फेब्रुवारीत जेसी मार्श गेले, हंगामी व्यवस्थेनंतर हावी ग्रासिया आले, आणि ३ मे रोजी चार सामने उरले असताना सॅम अलर्डाइस. चार सामन्यांत एक गुण, न्यूकॅसलशी बरोबरी. अलर्डाइस यांचा तळातून संघ बाहेर काढण्याचा अनुभव खरा आहे, पण त्यांची पद्धत बसायला आठवडे लागतात. चार सामन्यांत फार तर आठ नीट सराव होतात. आपल्याकडचं उदाहरण हवं तर २०१६-१७ च्या आय-लीगमधला मुंबई एफसी बघा: दहा संघ, अठरा सामने, मोसमाच्या मध्यात प्रशिक्षक बदलला तरी संघ तळालाच राहिला. मोसम जितका छोटा तितकी उशिराच्या बदलाला जागा कमी.

पहिल्या विजयाने हुरळून का जाऊ नये, याचं कारण समजून घ्या. मॅनेजरला काढतात ते सलग पाच-सहा पराभवांनंतर. त्या पराभवांत खराब खेळाबरोबर खराब नशीबही असतं: चेंडू खांबाला लागला, पेनल्टी हुकली, प्रतिस्पर्ध्याचा लांबचा फटका आत गेला. नशीब सतत तितकंच खराब राहत नाही. म्हणजे जुना मॅनेजर राहिला असता तरी निकाल थोडे सुधारलेच असते. डच लीगच्या १९८६ ते २००४ या काळातल्या आकडेवारीवर झालेल्या अभ्यासात हेच दिसलं: तसेच पराभव सोसूनही ज्यांनी मॅनेजर ठेवला, ते क्लबही जवळपास तितकेच सावरले. म्हणून निकालाऐवजी अपेक्षित गोलांचा, म्हणजे एक्सजीचा, आकडा बघा. प्रत्येक फटका कुठून आणि कशा स्थितीतून मारला यावरून तो गोल होण्याची शक्यता त्यात मोजलेली असते. पेनल्टीला साधारण पाऊण गोल धरतात. नव्या मॅनेजरच्या पाच-सहा सामन्यांत आपला एक्सजी आणि आपल्याविरुद्धचा एक्सजी यांतली तफावत कमी होत असेल, तर निकाल आले नसले तरी गाडी रुळावर येतेय. तफावत तशीच आणि विजय दोन, तर सावध राहा. रॉय हॉजसन डिसेंबर २००७ च्या अखेरीस फुलमला आले तेव्हा सुधारणा लगेच गुणांत दिसली नव्हती; फळ आलं एप्रिल-मेमध्ये.

आता मैदानावरचं काम. शनिवार ते शनिवार असा आठवडा धरला तर अंगावर जोर देणारे सराव दोन, फार तर तीन होतात. सामन्यानंतरचे दोन दिवस थकवा काढण्यात जातात, आदल्या दिवशी हलकं काम आणि सेट पीस, म्हणजे कॉर्नर आणि फ्री किक. आठवड्याच्या मध्ये सामना आला की नवं शिकवणं जवळपास बंद. त्यामुळे चांगला मॅनेजर पहिल्या पंधरवड्यात दोनच गोष्टी हातात घेतो: चेंडू आपल्याकडे नसतानाची रचना, आणि सेट पीस.

रचनेचं मोजमाप टीव्हीवरही करता येतं. सर्वांत मागचा सेंटर बॅक (मधला बचावपटू) आणि सर्वांत पुढचा स्ट्रायकर यांच्यातलं अंतर ३०-३५ मीटरच्या आत हवं. बचाव आणि मिडफिल्ड या दोन ओळींत १० ते १५ मीटर. पेनल्टी बॉक्सची खोली साडेसोळा मीटर असते, तोच माप म्हणून डोळ्यासमोर ठेवा: दोन ओळींमध्ये एक अख्खा बॉक्स मावत असेल तर जागा जास्त सुटतेय. डाइशने चार-पाच-एक (चार बचावपटू, पाच मिडफिल्डर, एक स्ट्रायकर) लावलं ते यासाठीच, रुंदी झाकायला मधे पाच माणसं.

यात चूक कुठे होते? दोन ठिकाणी. पहिली, घाबरलेला संघ बॉक्समध्ये दडून बसतो आणि मिडफिल्डही बचावाच्या अंगावर येऊन बसतं. मग बॉक्सच्या कडेची पट्टी मोकळी राहते, प्रतिस्पर्धी गोलरेषेजवळ जाऊन चेंडू मागे देतो आणि तिथून गोल होतो. दुसरी, स्ट्रायकर एकटा पडतो. बचावाने लांब मारलेला प्रत्येक चेंडू अर्ध्या मिनिटात परत येतो, आणि ऐंशीव्या मिनिटानंतर पाय जड होतात. यावर उपाय म्हणजे मिडफिल्डमधून एक माणूस स्ट्रायकरच्या मागोमाग धावत सुटलेला चेंडू उचलायला हवा. एव्हर्टनमध्ये ते काम अब्दुलाय डुकूरेने केलं. लॅम्पार्डच्या शेवटच्या काळात तो बाजूला पडला होता. डाइशने त्याला पुढच्या मिडफिल्डरची जागा दिली आणि बोर्नमथविरुद्धचा मोसम वाचवणारा गोल त्यानेच केला. नवा मॅनेजर आला की विचारायचा प्रश्न हाच: बाकावर सडत असलेला असा कोण आहे, ज्याची याला गरज आहे?

सेट पीसमध्ये सुधारणा सर्वांत लवकर दिसते, कारण तिथे चेंडू थांबलेला असतो आणि माणसं कुठे उभी करायची हे ठरवता येतं. दोन-तीन कॉर्नर पक्के घोटले तरी पुरे. चेंडू मारणारा एकच, पडण्याची जागा ठरलेली, गोलकीपरची वाट अडवणारा एक, मागून धावत येणारे दोन-तीन उंच खेळाडू, आणि बॉक्सबाहेर प्रतिहल्ला रोखायला किमान दोघं. ४ फेब्रुवारी २०२३ ला डाइशच्या पहिल्याच सामन्यात एव्हर्टनने अव्वल स्थानावरच्या आर्सेनलला हरवलं ते ड्वाइट मॅकनीलच्या कॉर्नरवर जेम्स टार्कोव्स्कीच्या हेडरने. दोघंही बर्नलीत डाइशच्याच हाताखाली खेळलेले. चार दिवसांत नवीन काही शिकवणं अवघड, पण ज्यांना पद्धत आधीच ठाऊक आहे ते इतरांना ओढून नेतात. म्हणून नेमणुकीच्या बातमीनंतर पहिलं काम हे करा: संघातल्या किती जणांनी या माणसाबरोबर आधी काम केलंय ते मोजा. दोन-तीन जण असतील तर दोन आठवडे वाचले समजा.

गोलकीपरचा गृहपाठही याच खात्यातला. १ मे २०२३ ला लेस्टर विरुद्ध एव्हर्टन, लेस्टर २-१ ने पुढे, मध्यंतराच्या तोंडावर लेस्टरला पेनल्टी. एव्हर्टनच्या जॉर्डन पिकफर्डच्या पाण्याच्या बाटलीवर कोण कुठे मारतो याच्या नोंदी होत्या. मॅडिसनसाठी जागेवरच थांबायची सूचना होती, तो थांबला, चेंडू अडला, आणि सामना २-२ सुटला. लेस्टर तो सामना जिंकला असता तर शेवटी लेस्टर ३६ वर आणि एव्हर्टन ३५ वर असता. त्यात भर म्हणजे चेल्सीविरुद्ध एलिस सिम्सचा ८९ व्या मिनिटाचा, टॉटनमविरुद्ध मायकल कीनचा ९० व्या मिनिटाचा आणि वुल्व्जविरुद्ध येरी मिनाचा जादा वेळेतला गोल. बरोबरी साधणारे तीन उशिराचे गोल, तीन गुण. एव्हर्टन आणि लेस्टर यांच्यातला शेवटचा फरक दोन गुणांचा होता. त्यामुळे ७५ व्या मिनिटानंतर संघ काय करतो, बदली खेळाडू कधी उतरतात, हे काळजीपूर्वक बघत जा.

प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात पुढे जाऊन चेंडू हिसकावणं, गोलकीपरपासून लहान पास देत बाहेर पडणं या गोष्टी मात्र मोसमाच्या मध्यात बसत नाहीत, त्यांना सामने नसलेली लांब सुट्टी लागते. लोपेतेगी नोव्हेंबर २०२२ मध्ये वुल्व्जला आले तेव्हा १५ सामन्यांत १० गुण होते, संघ सर्वांत खाली. पण लगेच विश्वचषकाची विश्रांती आली आणि जवळपास सहा आठवडे सराव मिळाला. शिवाय जानेवारीत कुन्या, लेमिना, डॉसन, साराबिया आले. पुढच्या २३ सामन्यांत ३१ गुण. त्याच विश्रांतीचा फायदा साउदम्प्टनच्या नेथन जोन्स यांनाही होता. आठ लीग सामन्यांत एक विजय, सात पराभव आणि फेब्रुवारीत बडतर्फी. वेळ मिळाला म्हणजे काम झालं असं नव्हे. ज्याची पद्धत हातातल्या खेळाडूंना पेलते तोच वेळेचं सोनं करतो.

तसाच जोडीचा दाखला २०२४-२५ मधला. १५ डिसेंबर २०२४ ला वुल्व्जने गॅरी ओ'नीलना आणि साउदम्प्टनने रसेल मार्टिनना काढलं. दोघांचेही १६ सामने झालेले. वुल्व्ज ९ गुण, साउदम्प्टन ५. व्हितोर परेरांच्या हाताखाली वुल्व्जने उरलेल्या २२ सामन्यांत ३३ मिळवले. साउदम्प्टनने इव्हान युरिच यांना आणलं, २२ सामन्यांत ७ गुण आले आणि सात सामने बाकी असतानाच संघ खाली गेला. वुल्व्जकडे कुन्यासारखा गोल करणारा होता आणि बचाव विस्कटलेला होता; विस्कटलेला बचाव सरावाने सावरतो. साउदम्प्टनकडे गोल करणाराच नव्हता, मोसमभरात २६ गोल. ती उणीव कुठलाही सराव भरून काढत नाही, तिथे खरेदीच लागते. आपल्या संघाचं दुखणं यातलं कोणतं, हे प्रामाणिकपणे ठरवा.

मग पुढच्या सामन्यांची यादी घ्या आणि तीन रकाने करा. पहिल्यात थेट प्रतिस्पर्धी, म्हणजे तक्त्यात तुमच्या वरचे पाच आणि खालचे. दुसऱ्यात मधले, ज्यांना एप्रिलनंतर खेळण्यासारखं फार उरत नाही. तिसऱ्यात वरचे सहा-सात. लक्ष्य पहिल्या रकान्यात सामन्यामागे दीड गुण, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात जे मिळेल ते. तिसऱ्या रकान्यातल्या सामन्यात ०-३ पडली असताना चिवट सेंटर बॅकला पिवळं कार्ड घ्यायला लावू नये, त्याला बाहेर काढून पुढच्या शनिवारसाठी राखावं. हे बघून चाहते चिडतात. मला मात्र तेव्हा मॅनेजरला गणित कळतंय याची खात्री पटते.

पण ०-३ ची ०-६ होऊ देऊ नये, कारण प्रीमियर लीगमध्ये गुण सारखे झाले की आधी गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) बघतात. २००७-०८ मध्ये फुलम आणि रीडिंग दोघेही ३६ वर थांबले. फुलमचा फरक उणे २२, रीडिंगचा उणे २५. शेवटच्या दिवशी रीडिंगने डर्बीला ४-० हरवलं तरी ते तीन गोल भरून निघाले नाहीत, आणि पोर्ट्समथमध्ये डॅनी मर्फीच्या हेडरवर फुलम १-० ने जिंकून राहिला. त्या वसंतात फुलमने शेवटच्या पाचपैकी चार सामने जिंकले, त्यात रीडिंग आणि बर्मिंगहॅम दोन्ही, आणि तेच दोघं डर्बीबरोबर खाली गेले.

गुणकपातीकडेही लक्ष असू द्या. २०२३-२४ मध्ये आर्थिक नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे एकूण ८ आणि फॉरेस्टचे ४ गुण गेले. फॉरेस्ट ३२ वर अडकूनही वाचला, कारण अठराव्या ल्यूटनकडे २६ च होते. एखाद्या शेजारी क्लबची अशी चौकशी चालू असेल तर तुमचा भागाकार एका दुपारीत बदलतो, मग पुन्हा पहिल्यापासून मांडायला बसा.